लहान मुलांच्या कवटीच्या तळातलं जन्मजात छिद्र: नाकातून दुर्बिणीने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

तान्ह्या बाळाचं नाक एकाच बाजूने सतत चोंदलेलं आहे आणि तपासताना आत मऊसर गाठ दिसली, तर पहिला नियम असा: एमआरआय होईपर्यंत त्या गाठीला कुणीही हात लावायचा नाही. सुई टोचून पाणी काढायचं नाही, तुकडा काढून तपासायला पाठवायचा नाही. मोठ्या माणसाच्या नाकात असा गोळा दिसला तर तो बहुधा पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराची साधी फुगलेली गाठ, असतो. अगदी लहान मुलात मात्र एका बाजूला ‘पॉलिप’ दिसला, तर तो मेंदूचा किंवा त्याच्या आवरणाचा खाली उतरलेला भाग आहे असं धरूनच चालायचं. तसं नाही हे स्कॅनने दाखवलं, की मग पुढचा विचार. हा नियम मोडला तर मेंदूचं पाणी, म्हणजे मेंदूभोवती असणारा स्वच्छ द्रव, नाकातून गळायला लागू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो आणि जंतूंना मेंदूपर्यंत जायला वाट मिळते.

या आजारात काही गोष्टी त्याच दिवशी कराव्या लागतात आणि काहींसाठी मूल वाढेपर्यंत थांबणं हाच उपचार असतो. कुठे धावायचं आणि कुठे थांबायचं हे पालकांना कळलं, की डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने मांडतो आहे.

नेमकं काय झालेलं असतं

कपाळामागचा मेंदूचा भाग ज्या हाडावर टेकलेला असतो, त्याच हाडाची खालची बाजू म्हणजे नाकाचं छत. वासाच्या नसा खाली उतरण्यासाठी त्यात मुळातच बारीक बारीक छिद्रं असतात आणि ते हाड खूप पातळ असतं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हा तळ तयार होताना एखादी फट राहून जाते. त्या फटीतून फक्त आवरण आणि पाणी खाली आलं तर त्याला मेनिंगोसील म्हणतात, सोबत मेंदूचा भागही आला तर एन्सेफॅलोसील. काहींत ही पिशवी नाकाच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात बाहेरूनच दिसते. काहींत ती नाकाच्या आत, कधी थेट घशाच्या वरच्या भागात लपलेली असते आणि चेहरा बघून काहीच कळत नाही.

याच जागी आणखी दोन गाठी सापडतात आणि त्यांची गल्लत होते. एक नेझल ग्लायोमा. नाव कर्करोगासारखं वाटतं, पण तो कर्करोग नाही. नाकात अडकून राहिलेली ती मेंदूची पेशीजाळी असते आणि थोड्या मुलांत तिचा तंतूसारखा धागा कवटीपर्यंत जातो. दुसरी नेझल डर्मॉइड. नाकाच्या दांड्यावर बारीकसा खळगा आणि त्यातून बाहेर आलेला एखादा केस, ही तिची खूण. त्या खळग्यातून निघालेली नळी कधीकधी कवटीच्या आत पोचलेली असते, त्यामुळे वरून साधा फोड समजून तो कापणं चुकीचं.

‘आमचं काय चुकलं?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक आई विचारते. काहीही चुकलेलं नाही. धक्का बसला, जड उचललं, काही खाल्लं म्हणून अशी फट राहत नाही.

पहिली पायरी: लक्षणं ओळखा

तान्ही बाळं बहुतेक वेळ नाकानेच श्वास घेतात. म्हणून नाक अडलं की दूध पिताना धाप लागते, बाळ दोन घोट घेऊन सोडून देतं, वजन वाढत नाही. बाहेर गाठ दिसत असेल तर बाळ रडताना नीट बघा. रडल्यावर डोक्यातला दाब वाढतो, आणि गाठ आतून मेंदूच्या पाण्याशी जोडलेली असेल तर ती टम्म होते, कधी ठोक्यासोबत हलताना दिसते. मानेच्या शिरा हलकेच दाबून डॉक्टर हीच गोष्ट तपासतात, तिला फर्स्टेनबर्ग चाचणी म्हणतात. ग्लायोमा आणि डर्मॉइड सहसा फुगत नाहीत. मात्र गाठ फुगली नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका. फट अरुंद असेल तर एन्सेफॅलोसीलही फुगत नाही. घरी ही चाचणी करून पाहायची नाही. रडतानाचा छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवणं मात्र फार उपयोगी पडतं.

दुसरं लक्षण म्हणजे एकाच नाकपुडीतून येणारं स्वच्छ पाणी. सर्दीचं पाणी काही दिवसांत घट्ट होतं, चिकट होतं. मेंदूचं पाणी आठवडेच्या आठवडे तसंच पातळ राहतं आणि मूल पुढे वाकलं की टपकतं.

तिसरं सगळ्यांत गंभीर: मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग. एकदा होऊन गेलेला मेनिंजायटिस दुसऱ्यांदा झाला, तर कवटीच्या तळात किंवा कानात कुठेतरी वाट आहे का, हे शोधलंच पाहिजे. मूल बरं झालं म्हणून घरी पाठवून विषय संपवू देऊ नका. ताप, सुस्ती, न थांबणाऱ्या उलट्या, मान ताठ होणं, तान्ह्या बाळात डोक्यावरची टाळू फुगणं किंवा नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं दिसलं तर रात्र असो की सुट्टीचा दिवस, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. इथे घाईच करायची.

दुसरी पायरी: तपासण्या योग्य क्रमाने

नाकातून पाणी येत असेल तर थोडं पाणी स्वच्छ बाटलीत जमवून बीटा-२ ट्रान्सफेरिनची चाचणी करतात. हे प्रथिन मेंदूच्या पाण्यात असतं, साध्या शेंबडात नसतं. साखर मोजायच्या पट्टीवर थेंब टाकून निदान करायची जुनी पद्धत भरवशाची नाही. अश्रू आणि शेंबूड मिसळल्यावर तिचं उत्तर कोणत्याही बाजूला झुकतं.

मुख्य तपासणी एमआरआय. पिशवीत फक्त पाणी आहे की मेंदूचा भाग आहे, मोठी रक्तवाहिनी आत ओढली गेली आहे का, पिट्युटरी (मेंदूखालची, हार्मोन्स नियंत्रित करणारी ग्रंथी) आणि डोळ्यांच्या नसा जागेवर आहेत का, हे त्यातच दिसतं. पातळ कापांचा सीटी स्कॅन हाडाची फट किती मोठी आणि नेमकी कुठे ते दाखवतो. पण लहान वयात एक मोठी मेख असते. जन्मतः नाकाच्या छताचा बराचसा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, असतो आणि पहिल्या काही वर्षांत हळूहळू त्याचं हाड होतं. कूर्चा सीटीत हाडासारखी पांढरी उमटत नाही. त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाच्या सीटीत निरोगी तळसुद्धा उघडा वाटू शकतो. अहवालात ‘फट दिसते’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो एमआरआयसोबत ठेवून लहान मुलांच्या स्कॅनची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टने वाचलेला हवा. माझ्या मते दुसरं मत घ्यायचंच असेल तर ते या टप्प्यावर घ्यावं.

एमआरआयसाठी मूल बराच वेळ स्थिर राहावं लागतं. अगदी तान्हं बाळ पोटभर पाजून, गुंडाळून झोपवलं तर पुष्कळदा भुलेशिवाय काम होतं. त्याहून मोठ्या मुलाला झोपेचं औषध किंवा भूल लागते. सीटी आणि एमआरआय एकाच भुलेत बसवता येतील का, हे जरूर विचारा.

सोबत आणखी तीन गोष्टी तपासल्या जाव्यात. कान: आतल्या कानाची जडणघडण जन्मतः सदोष असेल तर मेंदूचं पाणी मधल्या कानात उतरतं, तिथून घशाकडे जाणाऱ्या नळीतून नाकात येतं आणि सगळे नाकाचं छत शोधत बसतात. म्हणून श्रवणचाचणी आणि कानाच्या हाडाचे स्कॅन. डोळे: फट मागे, स्फेनॉइड हाडात असेल तर डोळ्याच्या नसेच्या मुळाशी मॉर्निंग ग्लोरी नावाची विकृती आणि तोंडातला दुभंगलेला टाळू सोबत असू शकतो. आणि हार्मोन्स: तशाच मागच्या फटीत पिट्युटरी खाली ओढली गेलेली असते, त्यामुळे कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि शरीरातल्या क्षारांची तपासणी भुलेआधी झाली पाहिजे. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन, कमी असलेल्या मुलाला ते ओळखल्याशिवाय भूल देणं धोक्याचं असतं.

लसी याच काळात पूर्ण करून घ्या. न्यूमोकॉकस, हिब आणि मेनिंगोकॉकस या जंतूंविरुद्धच्या लसींबद्दल बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा की मुलाच्या कवटीच्या तळात फट आहे. अशा मुलांना नेहमीपेक्षा जास्तीचे डोस लागू शकतात. मेनिंजायटिस होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. लसींचा आहे.

तिसरी पायरी: शस्त्रक्रिया कधी

श्वास अडतो आहे, पाणी गळतं आहे किंवा मेनिंजायटिस होऊन गेला आहे, तर वय कितीही कमी असो, थांबायचं नाही. संसर्ग चालू असेल तर तो आधी आटोक्यात आणायचा आणि मग लगेच शस्त्रक्रिया. गाठीवरची त्वचा पातळ होऊन फुटायच्या बेतात असेल तरी तेच.

यातलं काहीच नसेल, पिशवी पूर्ण झाकलेली असेल आणि मूल नीट वाढत असेल, तर अनेक तज्ज्ञ काही काळ थांबतात. त्यामागे ठोस कारणं आहेत. मुलाच्या अंगात रक्त किलोमागे साधारण ७० ते ८० मिलिलिटर असतं. पाच किलोच्या बाळात म्हणजे जेमतेम ४०० मिलिलिटर, आणि त्यातलं ४० मिलिलिटर गेलं तरी तो दहावा हिस्सा. मोठ्या माणसात जे रक्त गेलेलं कुणी मनावरही घेणार नाही, ते इथे भूलतज्ज्ञाला थेंबाथेंबाने मोजावं लागतं. नाकपुडीच्या आतलं हाडाचं तोंडही इतकं अरुंद असतं, की नेहमीची ४ मिलिमीटरची दुर्बीण आणि सोबत एक हत्यार बसत नाही, २.७ मिलिमीटरची बारीक दुर्बीण वापरावी लागते. वर्षभरात नाक वाढतं, वजन वाढतं आणि तेच काम बरंच सुरक्षित होतं. थांबायचं ठरलं तर तपासणीच्या तारखा आणि ‘हे दिसलं तर लगेच या’ ही यादी लिहूनच घ्या.

चौथी पायरी: पद्धत आणि चमू

१९२६ साली वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून मेंदूच्या पाण्याची गळती बंद केली आणि पुढची अनेक दशकं तोच राजमार्ग राहिला. १९५२ मध्ये ऑस्कर हिर्श यांनी नाकातून वाट काढली आणि १९८१ साली जर्मनीचे विगांड यांनी त्यात दुर्बीण आणली. उघड्या शस्त्रक्रियेत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घ्यावा लागतो, मेंदूचा पुढचा भाग बाजूला करावा लागतो आणि वासाची जाणीव जायचा धोका मोठा असतो. नाकातून गेलं की चेहऱ्यावर छेद नाही, मेंदूला धक्का कमी आणि मूल लवकर घरी येतं. प्रौढ आणि मुलं मिळून पाहिलं तर दुर्बिणीने केलेली दुरुस्ती पहिल्याच प्रयत्नात दहांपैकी नऊ जणांमध्ये टिकते.

तरी नाकातूनच करा असा हट्ट धरू नये. फट खूप मोठी असेल, गाठ चेहऱ्यावर बाहेर आलेली असेल, दोन डोळ्यांतलं अंतर वाढलेलं असेल आणि चेहऱ्याची हाडंही सरकवायची असतील, तर उघडी किंवा दोन्ही मिळून केलेली शस्त्रक्रियाच योग्य ठरते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: या वयाच्या मुलांत ही शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे? कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन दोघंही टेबलापाशी असतील का? लहान मुलांचे भूलतज्ज्ञ आणि बाल अतिदक्षता विभाग तिथेच आहे का? नाकातून जमलं नाही तर दुसरी योजना काय? डोक्यात पाणी साठण्याचा, म्हणजे हायड्रोसेफॅलसचा, त्रास आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आतला दाब वाढलेलाच राहिला तर उत्तम दुरुस्तीही पुन्हा फुटते, म्हणून त्याचा उपचार आधी किंवा सोबत व्हावा लागतो.

पाचवी पायरी: शस्त्रक्रियेच्या दिवशी आत काय होतं

उपाशी ठेवण्याचा सर्वसाधारण नियम असा: फॉर्म्युला दूध किंवा हलकं खाणं ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळायची.

भूल दिल्यावर श्वासाची नळी तोंडातून घालतात. नाकातला रक्तपुरवठा आकसावा म्हणून औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवतात. त्यातल्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. स्कॅनवरून दिशा दाखवणारी नॅव्हिगेशन यंत्रणा जोडली जाते. मोठ्यांचं डोकं त्यासाठी पिनांनी पकडतात. लहान मुलाची कवटी पातळ असल्याने ते टाळून चुंबकीय पद्धत वापरतात.

दुर्बीण आत गेल्यावर सर्जन पिशवीच्या कडेने वर, तिच्या देठापर्यंत पोचतात. पुढच्या भागातल्या फटीतून खाली आलेला मेंदूचा तुकडा बहुतेक वेळा काम करणारा उरलेला नसतो. म्हणून तो बायपोलर विद्युतप्रवाहाने हळूहळू आकसवत फटीच्या पातळीपर्यंत आणतात. ‘मेंदू कापला’ हे ऐकून पालक हादरतात, ते साहजिक आहे. पण या भागाने मुलाची बुद्धी किंवा हालचाल चालत नसते. तो ओढून मात्र कधीच काढत नाहीत, कारण ओढल्याने कवटीच्या आत रक्तस्राव होतो आणि तो नाकातून थांबवता येत नाही. मागच्या, स्फेनॉइडमधल्या पिशवीचा नियम अगदी उलटा. तिच्यात पिट्युटरी, हायपोथॅलॅमस (मेंदूचा हार्मोन्स आणि तहान सांभाळणारा भाग) किंवा डोळ्यांच्या नसा असू शकतात. तिथे काही कापायचं नाही, आहे ते जपून वर सरकवायचं किंवा तसंच ठेवून खालून आधार द्यायचा.

मग फटीच्या कडा मोकळ्या करतात. भोवतीचं नाकाचं अस्तर खरवडून हाड उघडं केलं तरच वर ठेवलेला थर त्याला धरतो. दुरुस्ती थरांनी होते. पहिला थर, मांडीच्या किंवा कानशिलाच्या स्नायूवरचं आवरण किंवा तयार कोलॅजेनचा पापुद्रा, फटीच्या आतल्या बाजूला सरकवतात. मोरीच्या भोकावर वरून ठेवलेलं झाकण पाण्याच्याच वजनाने घट्ट बसतं, तसा मेंदूच्या पाण्याचा दाब हा थर जागच्या जागी दाबून धरतो. फट मोठी असेल तर कूर्चेचा किंवा हाडाचा तुकडा मध्ये घालतात. वरून नाकाच्या अस्तराचा तुकडा आणि त्यावर फायब्रिन गोंद.

२००६ साली अर्जेंटिनातल्या हदाद आणि बसागास्तेगी यांनी आणखी भक्कम झाकण मांडलं: नाकाच्या पडद्याचं अस्तर, त्याची रक्तवाहिनी न तोडता, फिरवून फटीवर आणायचं. जिवंत रक्तपुरवठा असल्याने ते लवकर जुळतं. लहान मुलांत मात्र चेहरा अजून वाढायचा असतो, पडदा आखूड असतो आणि लांबच्या फटीपर्यंत हा पदर पोचेलच असं नाही. पडद्याची कूर्चा नाकाच्या वाढीचं केंद्र असल्याने तिलाही शक्यतो हात लावत नाहीत. ही मापं स्कॅनवर आधीच घेतलेली असावीत.

शेवटी आधाराला विरघळणारं पॅकिंग आणि कधी त्याखाली न विरघळणारंही. पाठीच्या कण्यातून पाणी काढणारी नळी प्रत्येकाला लागत नाही.

सहावी पायरी: रुग्णालयातले पहिले दिवस

पहिली रात्र साधारणपणे अतिदक्षता विभागात जाते. डोकं अंदाजे ३० अंश वर, वेदनेवर वेळच्या वेळी औषध, आणि मूल कमीत कमी रडेल अशी सगळी व्यवस्था. आई-वडिलांनी जवळ असणं इथे उपचाराचाच भाग आहे. ते आग्रहाने मागा. पहिले दोन-तीन दिवस पाणी गळतं का, मूल नेहमीसारखं बघतं-ओळखतं का, याकडे लक्ष असतं. मागच्या फटीची दुरुस्ती असेल तर लघवी मोजून ठेवतात, कारण पिट्युटरीला धक्का बसला तर लघवी आणि तहान एकदम वाढते.

एक गोष्ट पलंगावर मोठ्या अक्षरात लिहून लावायला सांगा: ‘नाकातून नळी किंवा सक्शन नको, नाकावर दाबाचा मास्क नको.’ पाळी बदलते, नवीन परिचारिका येते, आणि भरल्या नाकाचं मूल दिसलं की हात आपोआप सक्शनकडे जातो. दाबाची हवा किंवा नळी नव्या थरातून थेट कवटीत जाऊ शकते. घरी गेल्यावरही हाच मजकूर डॉक्टरांच्या सहीने फाइलच्या पहिल्या पानावर असू द्या.

सातवी पायरी: घरी

सर्जननी दिलेल्या मुदतीपर्यंत नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे शस्त्रक्रियेआधीच खेळात शिकवून ठेवलं तर सोपं जातं. कुंथणं टाळायला बद्धकोष्ठावरचं औषध वेळेवर द्या. उड्या, डोकं खाली करून खेळणं, पोहणं, स्ट्रॉने ओढून पिणं, विमानप्रवास बंद. मिठाच्या पाण्याचे थेंब सांगितले त्याच दिवसापासून, आधी नाही. खपल्या काढायच्या नाहीत. काही दिवस रक्ताळलेला शेंबूड येणं आणि तोंडाने श्वास घेणं चालतं.

चालत नाही ते हे: एका बाजूने पुन्हा स्वच्छ पाणी, खाली वाकल्यावर वाढणारी गळती, मोठ्या मुलाने घशात खारट लागतं असं सांगणं, ताप, वाढणारी डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, झटका, दिसण्यात फरक. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गळती पुन्हा झाली म्हणजे सगळं वाया गेलं असंही नाही. दुसऱ्या दुरुस्तीने ती बहुतेकांत थांबते.

पुढची वर्षं

सुरुवातीच्या भेटींत दुर्बिणीने नाक तपासून जखम भरल्याची खात्री करतात. फार लहान मुलाला त्यासाठीही थोडी भूल लागू शकते. नंतर काही महिन्यांनी एमआरआय. मूल वाढताना नाकाचा आकार, श्वास आणि डोळ्यांमधलं अंतर पाहिलं जातं. मागच्या फटीच्या मुलांची उंची, वजन आणि हार्मोन्स वयात येईपर्यंत तपासत राहावे लागतात, कारण पिट्युटरीची उणीव कित्येकदा उशिरा दिसते. शाळेत नजरेच्या किंवा ऐकण्याच्या तक्रारी आल्या तर त्या आळसावर ढकलू नका; आधी नेत्रतज्ज्ञ आणि श्रवणचाचणी.

पुढचं मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधीच जनुकीय समुपदेशकांना भेटा आणि फॉलिक ॲसिड सुरू करा. मेंदू आणि कवटी गर्भाच्या अगदी सुरुवातीला घडते, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत त्यातला बराच काळ गेलेला असतो. मात्रा डॉक्टरांना ठरवू द्या. आधीच्या बाळात न्यूरल ट्यूबचा (गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू घडवणाऱ्या नळीचा) दोष असेल तर ती नेहमीपेक्षा बरीच जास्त असते.